झाकण गोल का असते? : तंत्रव्यवस्थापकाच्या मुलाखतीचा इतिहास

१

नोकरीच्या मुलाखतीला इतिहास असतो, असे आपल्याकडे सहसा कोणी मानत नाही. शिक्षणाला इतिहास आहे, परीक्षेला आहे, राखीव जागांना तर आहेच; मुलाखत मात्र निसर्गनियमासारखी पूर्वापार चालत आलेली आहे असे गृहीत धरले जाते. टेबलाच्या एका बाजूला चार माणसे बसतात, दुसऱ्या बाजूला एक माणूस बसतो. अर्ध्या तासाने ती चार माणसे 'हा चालेल' किंवा 'हा चालणार नाही' असे ठरवतात आणि त्या ठरवण्याला 'गुणवत्ता' असे नाव देतात. लेखी परीक्षेची उत्तरपत्रिका निदान पुन्हा तपासता येते. मुलाखतीची उत्तरपत्रिका कोठेच नसते. ती फक्त त्या चार माणसांच्या डोक्यात असते आणि ती डोकी कोणत्या घरात, कोणत्या आळीत घडली, हे विचारण्याचा अधिकार उमेदवाराला नसतो.

मी १९८१ ते २०१६ अशी पस्तीस वर्षे संगणकाच्या क्षेत्रात नोकरी केली. या काळात माझ्या खात्याचे नाव दोनदा बदलले. आधी ते ई.डी.पी. होते, मग सिस्टिम्स झाले आणि शेवटी आय.टी. झाले. खात्याचा प्रमुख निवडण्याची पद्धतही बदलत गेली. या टेबलाच्या दोन्ही बाजूंना मी बसलो आहे. एका बाजूला बसून मी अन्याय सोसला आणि दुसऱ्या बाजूला बसून मी तो केला. या दोन्ही गोष्टी सांगितल्याशिवाय हा इतिहास प्रामाणिक होणार नाही, म्हणून त्या पुढे सांगणार आहे.

परंतु सुरुवात अमेरिकेपासून करावी लागेल. कारण आपल्या संगणक उद्योगाने यंत्रांबरोबर माणसे निवडण्याच्या रीतीही तेथूनच आणल्या आणि आपल्या घरच्या जातिव्यवस्थेत त्या सहज बसवून घेतल्या.

२

थॉमस एडिसन हा स्वतः शाळेत फारसा न गेलेला माणूस. पण १९२१ साली त्याने आपल्या कारखान्यात जबाबदारीच्या जागांवर येऊ पाहणाऱ्या पदवीधरांसाठी सुमारे दीडशे प्रश्नांची एक प्रश्नपत्रिका तयार केली. व्होल्गा नदी कोठे आहे, फ्रान्सच्या सीमेला कोणते देश लागून आहेत, काच कशापासून करतात, असे ते प्रश्न होते. बहुतेक पदवीधर नापास झाले आणि विद्यापीठे अडाणी माणसे तयार करतात असे एडिसनने जाहीर केले. प्रश्न वर्तमानपत्रात फुटले, देशभर चर्चा झाली. त्याच वर्षी अमेरिकेच्या दौऱ्यावर आलेल्या आइन्स्टाइनला त्यातलाच ध्वनीच्या वेगाचा प्रश्न विचारण्यात आला. जे पुस्तकात सहज मिळते ते मी डोक्यात बाळगत नाही, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. एडिसनच्या हिशेबाने आइन्स्टाइन नापास होता.

या गमतीमागे एक गंभीर गोष्ट आहे. एडिसन स्वतःला जे ठाऊक होते तेच विचारत होता. परीक्षकाच्या डोक्यात जे आहे ते उमेदवाराच्या डोक्यात असणे म्हणजे योग्यता, ही या मुलाखतीची पहिली व्याख्या होती. पुढील शंभर वर्षांत प्रश्न अनेकदा बदलले. ही व्याख्या फार थोड्या वेळा बदलली.

याच सुमारास बुद्धिमापनाच्या चाचण्या बोकाळल्या. फ्रान्समध्ये आल्फ्रेद बिने याने १९०५ साली ही चाचणी तयार केली ती शाळेत मागे पडणारी मुले शोधून त्यांना जास्तीची मदत करता यावी म्हणून. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लुईस टर्मनने १९१६ साली तिला नवे रूप दिले आणि मदतीच्या साधनाचे वर्गवारीचे साधन झाले. पहिल्या महायुद्धात सुमारे साडेसतरा लाख सैनिकांना अशा चाचण्यांतून काढण्यात आले. बुद्धी जन्मजात असते, ती एका आकड्यात सांगता येते आणि काही वंशांत ती कमी असते, हा समज शास्त्राचा अंगरखा घालून समाजात फिरू लागला. जन्मावरून योग्यता ठरवणारे शास्त्र म्हणजे काय, हे या नियतकालिकाच्या वाचकांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्याकडे त्याला धर्माचा आधार होता, तेथे प्रयोगशाळेचा मिळाला, इतकाच फरक.

संगणकयुगाच्या उंबरठ्यावर या परंपरेचा वारसदार म्हणून विल्यम शॉक्ली उभा आहे. ट्रान्झिस्टरच्या शोधाबद्दल १९५६ चे नोबेल पारितोषिक ज्या तिघांना मिळाले त्यांपैकी हा एक. त्याच सुमारास त्याने कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथे प्रयोगशाळा काढली. आज जिला सिलिकॉन व्हॅली म्हणतात तिची पायाभरणी तेथे झाली. शॉक्ली उमेदवारांना हातात घड्याळ धरून कोडी घालत असे. एक कोडे प्रसिद्ध आहे. टेनिसच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत १२७ खेळाडू आहेत, तर विजेता ठरेपर्यंत किती सामने होतील? प्रत्येक सामन्यात एक जण बाद होतो आणि १२६ जण बाद व्हायचे आहेत, म्हणून सामने १२६. हे ज्याला क्षणात सुचले तो हुशार. याशिवाय शॉक्ली उमेदवारांना न्यूयॉर्कला पाठवून मानसशास्त्रीय चाचण्याही घ्यायला लावत असे. रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर या दोघांच्या चाचण्यांचा निष्कर्ष असा निघाला की, हे कधीही चांगले व्यवस्थापक होणार नाहीत.

१९५७ साली शॉक्लीच्या जाचाला कंटाळून आठ जण बाहेर पडले. त्यांत नॉइस आणि मूर होते. या दोघांनी १९६८ साली इंटेल ही कंपनी काढली आणि तिचे पुढे काय झाले ते जगाला माहीत आहे. शॉक्लीची प्रयोगशाळा बुडाली. त्यानंतरचे आयुष्य त्याने कशात घालवले? कृष्णवर्णीयांची बुद्धी आनुवंशिकतेनेच कमी असते, असा प्रचार करण्यात. कमी बुद्ध्यंकाच्या माणसांनी पैसे घेऊन नसबंदी करून घ्यावी, अशी योजनाही त्याने मांडली. विशेष म्हणजे लहानपणी हाच शॉक्ली टर्मनच्या अलौकिक बुद्धीच्या मुलांच्या पाहणीत बसू शकला नव्हता. ज्या मोजपट्टीने त्याला स्वतःला बाद केले तिच्यावरचा त्याचा विश्वास अखेरपर्यंत ढळला नाही.

संगणक क्षेत्रातील कोडी घालणाऱ्या मुलाखतीचा हा मूळपुरुष. त्याचा वंशवाद आणि त्याची मुलाखत या दोन गोष्टी वेगळ्या काढता येतात काय, हा प्रश्न विचारला पाहिजे. मला त्या एकाच मुळाच्या वाटतात. माणसाची किंमत त्याच्या कामातून दिसण्याआधीच, काही मिनिटांत, आपल्या नजरेला दिसते, हा अहंकार दोन्हींच्या मुळाशी आहे.

३

या अहंकाराला पहिला मोठा धक्का बसला तो कृष्णवर्णीय कामगारांकडून, आणि ही गोष्ट आपण नीट समजून घेतली पाहिजे.

नॉर्थ कॅरोलिना राज्यात ड्रेपर या गावी ड्यूक पॉवर कंपनीचे वीजकेंद्र होते. तेथे कृष्णवर्णीयांना फक्त एकाच खात्यात घेत, ते म्हणजे मजूर खाते. त्या खात्यात सर्वांत जास्त पगार मिळवणारा माणूस इतर खात्यांतील सर्वांत कमी पगाराच्या माणसाहून कमी मिळवत असे. नोकरीत वंशभेद करण्यास मनाई करणारा कायदा ज्या दिवशी अमलात आला त्याच दिवशी, २ जुलै १९६५ रोजी, कंपनीने नवा नियम केला. वरच्या खात्यांत यायचे तर सर्वसाधारण बुद्धीची आणि यांत्रिक आकलनाची अशा दोन चाचण्यांत उत्तीर्ण व्हावे लागेल. नियमात वंशाचा शब्दही नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या निकृष्ट शाळांत कोंबलेल्या माणसांना अडवायला त्या शब्दाची गरजही नव्हती.

तेथील १४ कृष्णवर्णीय कामगारांपैकी १३ जण न्यायालयात गेले. १९७१ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की, चाचणीचा त्या विशिष्ट कामाशी संबंध असला पाहिजे. हेतू चांगला असणे पुरेसे नाही, परिणाम पाहिला जाईल. या चाचण्या किंवा शालान्त प्रमाणपत्र नसलेले जुने गोरे कामगार त्या खात्यांत व्यवस्थित काम करीत होते, याचीही न्यायालयाने नोंद घेतली. म्हणजे चाचणी काम मोजत नव्हती, माणूस मोजत होती.

त्याच्या पुढच्याच वर्षी, १९७२ साली, मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. तिच्या नावातच अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी असलेले नाते होते. त्यांच्या कविता आपण वाचल्या, त्यांच्या चळवळी समजून घेतल्या. पण वीजकेंद्रातल्या तेरा मजुरांनी न्यायालयात मिळवलेला हा विचार आपल्या चर्चेत म्हणावा तसा आला नाही. आपण राखीव जागांच्या रक्षणात गुंतलो होतो आणि ते आवश्यकही होते. मात्र 'तुमची मोजपट्टी कामाशी जोडून दाखवा' असे मालकाला विचारण्याचे हत्यार आपल्या हातून राहून गेले.

४

आता माझ्या बाजूच्या खुर्चीविषयी.

माझे वडील पूर्णा जंक्शनला रेल्वेत गँगमन होते. मी मिलिंद महाविद्यालयात शिकलो, नंतर अभियांत्रिकीची पदवी घेतली. १९८७ साली मुंबईतल्या एका खाजगी कंपनीत ई.डी.पी. मॅनेजरच्या जागेसाठी मला मुलाखतीचे पत्र आले. तोपर्यंत सहा वर्षे मी कोबोलमध्ये काम केले होते आणि चार हजार कामगारांच्या पगाराची प्रणाली जवळजवळ एकट्याने उभी केली होती.

समितीत चौघे होते. कामाविषयीचे प्रश्न दहा मिनिटांत संपले. समितीतील तांत्रिक माणसाचे समाधान झाले होते, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. मग मधल्या गृहस्थांनी विचारले, "मूळचे कुठले तुम्ही?"

"परभणी जिल्हा. पूर्णा."

"तिकडे शेतीवाडी असेल."

"नाही. वडील रेल्वेत गँगमन होते."

"अच्छा." मग थोडे थांबून, "संध्याकाळी काय करता? ब्रिज वगैरे? आमचे मॅनेजर लोक जिमखान्यावर जमतात. निम्मी कामं तिथंच होतात."

मी ब्रिज खेळत नाही असे सांगितले. संध्याकाळी वस्तीतल्या मुलांना गणित शिकवतो हेही सांगितले. ते सांगायला नको होते, असे त्याच क्षणी माझ्या लक्षात आले. सर्वांनी हसून निरोप दिला. पंधरा दिवसांनी नकाराचे पत्र आले. त्या कार्यालयातील एका कारकुनाने पुढे मला फायलीतला शेरा सांगितला. तांत्रिकदृष्ट्या उत्तम, व्यवस्थापकाचे व्यक्तिमत्त्व नाही.

नॉइस आणि मूर यांच्याविषयीचा निष्कर्ष मी फार नंतर वाचला आणि मला हा शेरा आठवला. शब्द जवळजवळ तेच होते. पण त्या दोघांना चुकीचा शेरा मिळाला तेव्हा त्यांच्यामागे भांडवल देणारी माणसे उभी राहिली. गँगमनच्या मुलाला कोणता सावकार कारखाना काढून देणार होता? चुकीची मुलाखत सर्वांची सारखीच चुकते असे म्हणतात, ते खरे नाही. ज्याला दुसरे दार आहे त्याच्यासाठी ती एक चूक असते. ज्याला नाही त्याच्यासाठी ती पुढची वीस वर्षे असते.

आपल्याकडे सरकारी नोकरीला घटनेच्या कलम १६(४) चा आधार आहे. निवड कशी झाली, किती जागा भरल्या, हे तेथे विचारता येते. खाजगी उद्योग या कक्षेबाहेर राहिला आणि तो आजही बाहेर आहे. १९७८ साली आय.बी.एम. देशाबाहेर गेली, देशी संगणक कंपन्या वाढल्या, १९८४ नंतर सरकारचे संगणक धोरण सैल झाले, १९९१ नंतर दारे सताड उघडली. देशातील सर्वांत मानाच्या नोकऱ्या नेमक्या त्या घरात गेल्या जेथे आपल्याला विचारण्याचा हक्क नव्हता. या उद्योगाने स्वतःविषयी एक पुराण रचले की, येथे जात नाही, येथे फक्त गुणवत्ता आहे. राखीव जागांतून शिकलेल्यांना 'सरकारचे जावई' म्हणणारी माणसेच हे पुराण मोठ्या भक्तिभावाने सांगत.

हे पुराण अभ्यासकांनी तपासून पाहिले आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी वर्तमानपत्रांतील खाजगी नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे ४,८०८ अर्ज पाठवून पाहिले. फरक होता तो फक्त नावांचा. २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याच्या शक्यतेचे प्रमाण सुमारे दोन तृतीयांश होते आणि मुस्लिम नावाला एक तृतीयांश. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातील २५ मोठ्या कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी बोलून लिहिले. हे सर्व अधिकारी गुणवत्तेची भाषा बोलत आणि त्यांतील जवळजवळ सर्व जण उमेदवाराला कौटुंबिक पार्श्वभूमी विचारत. त्यावरून माणसाचे संस्कार कळतात, अशी त्यांची श्रद्धा होती.

म्हणजे 'मूळचे कुठले' हा प्रश्न माझ्या एकट्याच्या वाट्याला आला नव्हता. आडनावावरून जात कळली नाही की गाव विचारायचे, गावावरून कळली नाही की वडिलांचा धंदा विचारायचा. ही मुलाखतीची अलिखित प्रश्नपत्रिका आहे, आणि एडिसनच्या प्रश्नपत्रिकेसारखी ती कधी वर्तमानपत्रात फुटली नाही. बाबासाहेब परदेशात शिकून १९१७ साली बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांच्या विद्वत्तेविषयी कोणाला शंका नव्हती. तरीही शिपाई फायली लांबून टाकत होते आणि शहरात राहायला जागा मिळत नव्हती. पात्र असणे आणि पात्र मानले जाणे यांत केवढे अंतर असते, हे आपल्याला तेव्हापासून माहीत आहे.

५

नव्वदच्या दशकात शॉक्लीची कोडी नव्या वेषात परत आली. मायक्रोसॉफ्टच्या मुलाखतींमुळे ती जगभर गाजली. तुमच्या शहरात पेट्रोलपंप किती असतील? रस्त्यावरच्या मॅनहोलचे झाकण गोल का असते? आपल्याकडच्या कंपन्यांनी हे प्रश्न उचलले, तसेच त्यांचे उत्तरही उचलले. चौकोनी झाकण कर्णाच्या दिशेने तिरके धरले तर आत पडू शकते, गोल झाकण कसेही धरले तरी पडत नाही, म्हणून ते गोल.

२००४ साली पुण्यातल्या एका कंपनीत मी निवड समितीवर होतो. जागा प्रोजेक्ट मॅनेजरची. लातूरकडचा एक तरुण आला. त्याने एका जिल्हा पातळीवरच्या बँकेच्या चाळीसएक शाखा संगणकावर आणण्याचे काम पार पाडले होते. वीज नाही, माणसे शिकलेली नाहीत, वरून राजकारण, अशा स्थितीत हे काम म्हणजे व्यवस्थापनाची खरी परीक्षा होती. आम्ही त्यावर दोन प्रश्न विचारले आणि पुढे गेलो. कारण आमच्या हातातल्या छापील कागदावर पुढचा प्रश्न झाकणाचा होता.

त्याने क्षणभर विचार करून सांगितले, "जड असतं सर ते. उचलून नेण्यापेक्षा कडेवर उभं करून गडगडत नेता येतं. माझे मामा तसंच नेतात."

माझ्या शेजारच्याने विचारले, "मामा काय करतात?"

"महापालिकेत आहेत. सफाई कामगार."

खोलीत एक चमत्कारिक शांतता पसरली. मग कोणीतरी पुढचा प्रश्न विचारला. तो गेल्यावर आम्ही गुण भरले. झाकणाचे उत्तर कागदावरच्या उत्तराशी जुळत नव्हते, म्हणून तेथे शून्य. 'संवादकौशल्य' या रकान्यात तिघांनी 'सरासरीपेक्षा कमी' लिहिले. चौथा मी होतो. मीही तेच लिहिले आणि सही केली.

मी असे का केले? त्याचे इंग्रजी खरोखरच अडखळत होते, असे मी स्वतःला सांगितले. खरे कारण वेगळे होते. मी त्याची बाजू घेतली असती तर माझ्या सहकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिले असते आणि त्यांना जे सतरा वर्षांपूर्वीच्या समितीला दिसले तेच दिसले असते. वर चढलेल्या माणसाला शिडी काढून घ्यायची नसते, पण शिडीकडे बोट दाखवायचीही भीती वाटते. प्रस्थापित व्यवस्था आपल्यातल्या काहींना टेबलाच्या त्या बाजूला बसवते तेव्हा खुर्चीबरोबर ही भीतीही देते.

त्याचे उत्तर बरोबर होते. झाकण गोल असते याची जी कारणे दिली जातात त्यांत हेही एक आहे. पण ते हातांनी कळलेले उत्तर होते आणि आम्हाला पुस्तकातले हवे होते. वातानुकूलित खोलीत बसून आम्ही झाकणाच्या आकाराचे कोडे घालत होतो आणि त्या झाकणाखाली उतरणाऱ्या माणसाच्या भाच्याला नापास करत होतो. झाकण गोल का, हा त्या माणसांचा प्रश्न कधीच नव्हता. आत वायू आहे का आणि वर परत येता येईल का, हा त्यांचा प्रश्न. मानवी हातांनी मैला साफ करवून घेण्यास बंदी करणारा कायदा १९९३ साली आला, अधिक कडक असा २०१३ साली आला. गटारात उतरून मेलेल्या माणसाच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले, २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. कायदा आला, रक्कम वाढली, तरी माणसे आत उतरतच राहिली.

आणि या कोड्याची किंमत काय ठरली? २०१३ साली गुगलच्या मनुष्यबळ विभागाचे प्रमुख लास्लो बॉक यांनी जाहीरपणे कबूल केले की, अशी कोडी म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय आहे. त्यांवरून पुढच्या कामाविषयी काहीच कळत नाही, विचारणाऱ्याला मात्र आपण हुशार असल्याचे समाधान मिळते. हे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही.

६

कोड्यांची जागा मग वर्तनाच्या प्रश्नांनी घेतली. 'तुमच्या हाताखालचे दोघे भांडले तेव्हा तुम्ही काय केले, परिणाम काय झाला' अशा धर्तीचे हे प्रश्न. त्यांची शास्त्रीय मांडणी १९८० च्या सुमारास अमेरिकेतच झाली होती आणि तिला त्या तेरा मजुरांच्या खटल्यानंतरच्या कायद्याची पार्श्वभूमी होती. सर्वांना तेच प्रश्न, कामातूनच काढलेले; प्रत्येक उत्तराला आधी ठरलेल्या निकषांवर गुण; चर्चा नंतर. याला बांधीव मुलाखत म्हणता येईल. पुढील अभ्यासांत सैल गप्पांच्या मुलाखतीपेक्षा ती कामाचा अंदाज कितीतरी चांगला देते असे वारंवार दिसले आणि २०२२ साली पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुने आकडे पुन्हा तपासले तेव्हा निवडीच्या सर्व साधनांत ती वरच्या स्थानी आली.

लातूरच्या त्या तरुणाला असे प्रश्न विचारले असते तर चाळीस शाखांची हकिगत त्याने तासभर सांगितली असती. तिच्यात कोणत्याही जिमखान्यात न मिळणारे व्यवस्थापनाचे शिक्षण होते.

परंतु पुढच्या दाराने न्याय आत आला की मागच्या दाराने जुना पाहुणा परत येतो. बांधीव मुलाखतीच्या जोडीला 'कल्चर फिट' नावाची एक फेरी आली. हा माणूस आपल्यात मिसळेल काय, एवढेच तेथे पाहायचे. १९८७ साली त्याला ब्रिज आणि जिमखाना म्हणत होते. आता नाव बदलले आहे. 'आपल्यात' या शब्दात कोण येते, हे मात्र अजूनही कोणी लिहून ठेवत नाही.

आता तर परीक्षकाच्या खुर्चीत यंत्र बसू लागले आहे. उमेदवार कॅमेऱ्यासमोर बोलतो आणि संगणक गुण देतो. यंत्राला जात नसते, असे सांगतात. पण यंत्र शिकते ते जुन्या निवडींवरून. अ‍ॅमेझॉनने अर्ज छाननारे असे एक यंत्र तयार करून पाहिले. दहा वर्षांच्या जुन्या अर्जांवरून ते शिकले, त्यांत पुरुषच अधिक होते, म्हणून स्त्रियांचा उल्लेख असलेले अर्ज ते खाली टाकू लागले. कंपनीने ते बाजूला ठेवले, हे २०१८ साली उघड झाले. चेहऱ्यावरील भावांना गुण देण्याची पद्धत हायरव्ह्यू या कंपनीने २०२१ साली टीका झाल्यावर सोडून दिली. न्यूयॉर्क शहरात २०२३ पासून अशा यंत्रांची पक्षपाताच्या दृष्टीने तपासणी करणे मालकावर बंधनकारक झाले आहे. त्याच वर्षी सिअ‍ॅटल शहराने जातीवरून भेदभाव करण्यास कायद्याने बंदी घातली. आपले लोक साता समुद्रापार गेले, त्यांच्यामागून जात गेली, आणि ती तेथील कायद्याच्या पुस्तकात नोंदवावी लागली. माझ्यासारख्याने २००४ साली भरलेले ते गुण जर उद्या एखाद्या यंत्राला शिकवले, तर ते यंत्र माझी भीती न थकता, न लाजता, हजारो मुलांवर चालवील.

७

या इतिहासातून काय निष्पन्न होते? एडिसनची माहिती, शॉक्लीचे कोडे, जिमखान्याचा ब्रिज, छापील कागदावरचे झाकण, यंत्राचा कॅमेरा. साधने बदलली आणि प्रत्येक साधनाला त्या त्या काळात गुणवत्ता म्हटले गेले. त्यांतली बहुतेक कामाच्या कसोटीवर फोल ठरली. टिकले ते एकच. प्रश्न कामाशी बांधा, सर्वांना सारखा विचारा आणि दिलेल्या गुणांचे उत्तरदायित्व घ्या. हे तत्त्व कोणा मालकाच्या उदारपणातून आले नाही. मजूर खात्यात कोंडलेल्या माणसांनी ते न्यायालयातून खेचून आणले.

म्हणून आपली मागणी खाजगी क्षेत्रातील राखीव जागांपाशी सुरू होते, पण तेथे संपत नाही. जागा राखीव झाल्या तरी दाराशी तीच चार माणसे बसणार असतील तर 'योग्य उमेदवार मिळाला नाही' हा जुना शेरा तयारच आहे. घर, गाव, वडिलांचा धंदा यांविषयीचे प्रश्न मुलाखतीत विचारण्यास कायद्याने मनाई असली पाहिजे. प्रश्न आणि निकष आधी लिहिलेले असले पाहिजेत. नाकारलेल्या उमेदवाराला मागितल्यावर कारण लेखी मिळाले पाहिजे. कोणत्या समाजातले किती अर्ज आले, किती जणांना बोलावले, किती जणांना घेतले, हे आकडे मोठ्या कंपन्यांनी दरवर्षी प्रसिद्ध केले पाहिजेत. आणि समितीत आपला माणूस असेल तर तो एकटा असता कामा नये. एकटा माणूस काय करतो ते मी वर सांगितले आहे.

शिक्षकांना आणि कार्यकर्त्यांना एक विनंती आहे. आपल्या वस्त्यांत मुलाखतीच्या तयारीचे वर्ग चालतात. मुलांना इंग्रजी, टाय, हस्तांदोलन शिकवले जाते. ते शिकवावे, भाकरीचा प्रश्न आहे. पण आपल्या कामाची हकिगत मान वर करून कशी सांगावी, हेही त्यांना शिकवा. ज्या मुलीने आईबरोबर भाजीचा धंदा सांभाळत पदवी घेतली तिने रोज हिशेब, माणसे, उधारी आणि नुकसान यांचे व्यवस्थापन केले आहे. ते लपवायचे नसते, मांडायचे असते. आणि मुलाखतीहून परत आल्यावर काय काय विचारले ते त्यांना लिहून ठेवायला सांगा. ती अलिखित प्रश्नपत्रिका एकदा कागदावर आली पाहिजे. शंभर मुलांच्या शंभर नोंदी झाल्या तर तो पुरावा होतो.

निवृत्तीपूर्वीची शेवटची काही वर्षे माझ्या खात्यातल्या मुलाखतींत मी झाकणाचा प्रश्न काढून टाकला, गाव आणि घराणे यांविषयी कोणाला विचारू दिले नाही आणि प्रत्येक सदस्याने चर्चेआधी गुण भरायचे असा नियम केला. सहकारी कुरकुरले, पण नियम टिकला. लातूरच्या त्या तरुणाला त्याचा काही उपयोग झाला नाही. त्याचे पुढे काय झाले ते मी शोधले नाही. आधी हिंमत नव्हती, नंतर उशीर झाला. त्याच्या गुणपत्रिकेवर माझी सही आहे. १९८७ साली माझ्या फायलीवर शेरा लिहिणाऱ्याने तो पुढे कधी आठवला असेल की नाही, मला माहीत नाही. मला माझा आठवतो, म्हणून हे लिहिले.